आधी पाण्याला विचारायचं

आम्ही अमेरिकेला निघालो तेव्हा चिकलठाण्याच्या विमानतळावर माझे वडील, आबा, काचेच्या दाराबाहेर उभे होते. तिकीट नसलेल्या माणसाला आत सोडत नाहीत, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं. माझी माय बॅगेत ठेवलेल्या ज्वारीच्या पिठाची पुडी फुटेल या काळजीत होती. मी पासपोर्ट जागेवर आहे का ते पुन्हा पुन्हा चाचपत होते, कारण मघापासून एक माणूस आमच्याकडे बघतोय असा मला दाट संशय होता. संशय आमच्या घरात वंशपरंपरेनं येतो. निघायच्या अगदी शेवटच्या क्षणी आबांनी जावयाला विचारलं, "घराजवळ उभं पाणी हाय का?"

"तळीच तळी आहेत, मामा. मस्त व्ह्यू असतो," संतोष म्हणाला.

आबांचा चेहरा पडला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "थांबलेल्या पाण्याला आधी विचारायचं. मग पाय घालायचा." एवढाच त्यांचा निरोप. सुखी राहा वगैरे काही नाही.

गावाकडे राहिलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. आमचं गाव पैठणच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्याला लागून. आबा मेंढरं पाण्यावर नेत, पण एकदम सोडत नसत. आधी एक ढेकूळ पाण्यात टाकायचे, तरंग विरेपर्यंत उभे राहायचे, काठावरून नजर फिरवायचे आणि मग शीळ घालायचे. कधीकाळी मगरीनं कुणाची तरी मेंढी ओढून नेली होती म्हणे. मला ती गोष्ट खोटी वाटायची. उन्हात तहानलेली मेंढरं आणि मी, दोघंही कंटाळून जायचो. मायची तऱ्हा वेगळी. ती गोदावरीवर कधी रिकाम्या हातानं गेली नाही. ओंजळभर कणकेचे गोळे माशांना टाकायची, मगच हात जोडायची. पुढे मी शिकायला शहरात आले, तिथेच नोकरी आणि लग्न झालं. शहरात पाण्याबद्दल एकच संशय असायचा, आज नळाला येणार की नाही. टँकरची वाट बघत राहणाऱ्या बाईला मगर कशाला आठवेल?

आणि इथे फ्लोरिडात आलो तर घराच्या मागे लॉन, लॉन संपलं की तळं. त्याच्या काठावर जबडा उघडलेल्या मगरीचं चित्र असलेली पाटी. इथल्या मगरीला अ‍ॅलिगेटर म्हणतात, पण मी घरात मगरच म्हणते. घर देताना एजंट बाईनं हसत हसत सगळं सांगितलं होतं. काठाला खेटून चालू नका, दिवस मावळल्यावर तर नाहीच. लेकरू आणि कुत्रा हाताशी ठेवा. तळ्यात उतरू नका. खायला तर काहीच घालू नका, तो इथे गुन्हा आहे. मगर माणसाला बिचकते तोवर ठीक असतं, एकदा माणसाकडून खायला मिळालं की तिची भीती मोडते. हे सगळं ती बाई स्वयंपाकघरातला ओटा दाखवावा तसं सांगत होती. तेव्हाच मला तिचा संशय आला होता.

आमच्या तळ्यात एक मगर होती. पलीकडच्या काठावर ऊन खात पडायची आणि माणूस दिसला की निमूट पाण्यात सरकायची. संतोष म्हणायचा, "बघ, तीच आपल्याला घाबरते." माझा विश्वास नव्हता. तरंगणारा ओंडका, वाहून आलेला चेंडू, कासवाची पाठ, मला सगळीकडे दोन डोळे दिसायचे. आमची लेक जुई चालायला लागल्यावर मी मागच्या दाराला वरून कडी बसवून घेतली. इथल्या मैत्रिणी हसल्या. तुम्हीही इथे आला असाल तर तुमच्याही घरात अशी एखादी कडी असेल, फक्त तुम्ही कुणाला सांगत नाही.

जुई बोलायला लागली त्या वर्षी माय आणि आबा आमच्याकडे राहायला आले. आल्या आल्या आबांनी लॉनवरून तळ्याकडे पाहिलं, कडेच्या वाफ्यातलं एक ढेकूळ उचललं आणि टाकलं. पलीकडची मगर गुपचूप पाण्याखाली गेली. आबा म्हणाले, "हाय, पण शहाणी हाय." मला मनापासून बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या संशयाला पहिल्यांदाच कुणी घरचं माणूस भेटलं होतं.

उन्हाळा चढत गेला तसं काहीतरी बदललं. मगर आता पलीकडे दिसेना. आमच्याच काठाजवळ, गवताला नाक लावून पडलेली असायची. एके सकाळी आबांनी नेहमीसारखं ढेकूळ टाकलं, आणि ती पळायच्या ऐवजी आवाजाच्या रोखानं सरळ आली. आबा दोन पावलं मागे सरले. मी त्यांना मागे सरताना कधी पाहिलं नव्हतं.

"हिला कुणीतरी घास लावलाय," ते म्हणाले.

कोणी लावला, हे मला लगेच कळलं. निदान मला तसं वाटलं. शेजारचे वॉल्टर नावाचे म्हातारे रोज गळ टाकून बसायचे आणि मासे तिथेच साफ करायचे. मी तडक गेले. त्यांनी शांतपणे कचऱ्याची घट्ट झाकणाची पेटी दाखवली, मासळीची घाण त्यातच जाते म्हणाले. मग माझ्याकडे जरा रोखून बघत म्हणाले, ती येते ती तुमच्या काठाला, माझ्या नाही. मी तणतणत परत आले. हा मनुष्य उलट आमच्यावरच आळ घेतो! मी खिडकीतून त्यांच्यावर पाळत ठेवायला लागले. ते बहुधा माझ्यावर ठेवत होते.

आणि मग ती संध्याकाळ आली. मी फोनवर होते, माय देवापाशी दिवा लावत होती, संतोष अजून यायचा होता. वरची कडी कुणीतरी काढलेली होती. मी बाहेर पाहिलं तर जुई गवत संपतं तिथे उभी होती, एक हात पुढे करून, मूठ मिटलेली. "ये, ये, ये," असं ती अगदी लाडानं म्हणत होती. पाण्यावरून दोन डोळे तिच्याकडे येत होते, काही घाई नसल्यासारखे. बागेतल्या खुर्चीवरून आबा धावले. गुडघे आखडलेला माणूस इतका धावेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी जुईला कमरेला धरून उचललं आणि मागे न बघता घराकडे पळत सुटले. पाण्यात फक्त एक मोठा डुबुक असा आवाज झाला.

जुईच्या मुठीत कणकेचा गोळा होता. "आजी देते तसं," ती रडत म्हणाली.

मी मायकडे वळले. तिच्या हाताला अजून पीठ होतं. दिवा लावला की आमचं लक्ष नसताना ती जुईला घेऊन मागचं दार उघडून काठापर्यंत जायची, गोळे टाकायची, हात जोडायची. रोज. आम्ही पाटी दाखवली होती, मगरीला घालायचं नाही हे सांगितलं होतं, पण ती तर माशांना घालत होती. मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तूच म्हनायची ना, पान्याचं लई भ्या वाटतं म्हनून? लेकरू नांदतंय त्याच्या काठाला. म्या म्हनलं, त्याला रोज घास द्यावा. त्याच्यापायी तरी आपल्या लेकराला हात लावनार नाय."

माझा संशय तिनंही मनावर घेतला होता, फक्त तिनं पाण्याशी आपल्या पद्धतीनं बोलणी लावली होती.

सरकारी खात्याला फोन करावा लागला. मगरी पकडणारा ट्रॅपर आला, त्यानं मगरीचा जबडा टेपनं बांधला आणि तिला गाडीत घातलं. वॉल्टर त्यांच्या अंगणात टोपी हातात घेऊन उभे होते. मायनं मला विचारलं, "आता कुठं सोडत्यात?" संतोष डोळ्यांनी खुणावत होता. पण मला खोटं बोलवेना. माणसाला सरावलेली मगर सोडत नाहीत, मारतात, असं मी सांगितलं. माय त्या दिवशी जेवली नाही. आबा तिच्याजवळ बसून राहिले. ज्याचे गोळे करायची ते उरलेलं पीठ तिनं डब्यात तसंच ठेवलं, मीही अजून त्याला हात लावलेला नाही.

माय आणि आबा गावी परत गेले त्याला आता काही महिने झाले. परवा व्हिडिओ कॉल आला तेव्हा दोघं पैठणला नदीवर होते. मायच्या हातात कणकेचे गोळे होते. आयुष्यभर ज्या घाटावर ती गेली, तिथे ती ओंजळ धरून अडून उभी होती.

"इथं टाकू का गं?" तिनं मला विचारलं.

तिची नदी, आणि ती मला विचारत होती. मला एकदम रडू आलं. आपण लांब गेलो तरी गावाकडचं सगळं जागच्या जागी राहील, असं मी धरून चालले होते. माझ्या तळ्याची भीती मायनं तिथवर नेली होती. लहानपणी मी फुगवट्यात बेधडक उतरायचे ते पाणी भलं होतं म्हणून, असंच मला वाटायचं. तसं नव्हतं. माझ्याआधी कुणीतरी ढेकूळ टाकून, तरंग विरेपर्यंत उन्हात उभं राहत होतं. घर घर म्हणून मी ज्याची आठवण काढते ते म्हणजे आपल्याआधी असं उभं राहिलेलं माणूस, तेवढंच आहे.

"टाक माय," मी म्हणाले. "पण आधी आबांना विचारू दे."

आबांनी वाकून ढेकूळ उचललं. पाण्यात ते पडल्याचा आवाज मला इथे ऐकू आला. मग आम्ही तिघंही तरंग विरेपर्यंत पाण्याकडे बघत उभे राहिलो.