कांबळ्यांच्या हार्ड डिस्कमधला आवाज

अगं, अशा लांब काय बसलाय पोरींनो, जरा जवळ सरका. आणि ते अर्धं वाचायचं, अर्धं सोडायचं, ते आज नको बरं का... निम्मं वाचून तुम्ही खाली लिहून मोकळ्या होता, "मनाचे खेळ असतात काकू." असतील. मीसुद्धा तेच म्हणायचे. सासरी कुणी भानामतीचं, अंगात येण्याचं काढलं की मी उठून भांडी घासायला जायचे. कशावर म्हणून विश्वास नव्हता. पण हे माझ्या स्वतःच्या हातून घडलंय, म्हणून लिहिते.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. साल दोन हजार एक नाहीतर दोन. पुढं काउंटरवर आमचे हे, गिऱ्हाइकाशी गोड बोलायला. मागं टेबलाशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी. शिक्षण माझं नववी. ह्यांचं बघून बघून शिकले आणि मग ह्यांच्यापेक्षा बरं जमायला लागलं. रॅम काढायची, खोडरबरानं घासायची, परत बसवायची – निम्मी मशिनं तेवढ्यावरच चालू व्हायची. हे गिऱ्हाइकाला सांगायचे, "मी फक्त पावती फाडतो ओ, डाक्टर आत हाय."

दसरा आठ-दहा दिवसांवर होता. जयसिंगपूरहून कांबळे आले, एसटीत कंडक्टर होते. कॉम्प्युटरचं कॅबिनेट चादरीत गुंडाळून, सगळी वाट मांडीवर घेऊन आणलेलं.

"वैनी, चालूच होईना झालंय. बाकी काय बी जाऊ दे. ह्यात पोरीचा आवाज हाय, तेवढा ऱ्हायला पायजे."

पोरगी म्हणजे प्रज्ञा. तेरा वर्षांची. त्याच पावसाळ्यात तापानं गेली होती. चौदा एप्रिलच्या भाषणाची तयारी तिनं माइक लावून केली होती. त्या वेळच्या विंडोजमध्ये आवाज रेकॉर्ड करायला घेतला की एका मिनिटानं आपोआप थांबायचं, त्यामुळं भाषण मधेच एका वाक्यावर तुटलेलं. त्या पोरीचा तेवढा एक मिनिट जगात शिल्लक होता.

"ह्याची कॉपी काढून ठेवलीय का?" मी विचारलं.

"कॉपी म्हंजे?"

मी उघडून बघितलं. पॉवर सप्लाय जळला होता, डिस्क ठणठणीत. आमच्या मशिनला लावून थोडं ऐकलंसुद्धा – "आदरणीय व्यासपीठ..." बारीक, घाईघाईचा आवाज. पुढं ऐकवेना, बंद केलं. आमच्याकडं सीडी रायटर नव्हता, आणि आमच्याच मशिनवर उतरवून ठेवायचं तेव्हा सुचलं नाही. म्हटलं, सण झाला की कुणाकडनं तरी कॉपी करून घेऊ. तिथंच चुकले.

खंडेनवमीला शेतकरी जशी औतं पुजतो तशी आम्ही दुकानातली सगळी हत्यारं पुजायचो. सोल्डरिंग गन, पक्कड, मीटर, आणि दुरुस्तीला आलेल्या डिस्कासुद्धा. हे झेंडूची फुलं आणायला गेले होते. मी एकटीच सगळं पुसत होते. प्रत्येक डिस्कवर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असायची. आता चिठ्ठीवर हळदकुंकू कसं लावायचं? बरं नाही दिसत. म्हणून चिठ्ठ्या सोडवल्या, ओळीनं मांडून ठेवल्या, डिस्का पुसून हळदकुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर चिठ्ठ्या परत लावल्या.

त्यात दोन डिस्का एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. एक कांबळ्यांची. दुसरी एका सायबर कॅफेची, ती कोरी करून नवीन विंडोज टाकायला आलेली.

तुमच्या लक्षात आलंच असेल.

कॅफेची म्हणून जी फॉरमॅट केली, विंडोज टाकलं, ती कांबळ्यांची निघाली. दुसरी कांबळ्यांच्या कॅबिनेटला लावली आणि पडद्यावर कॅफेचं सगळं आलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गेलेल्या फायली शोधायचं एक सॉफ्टवेअर होतं, ते दोन दिवस चालवलं. काही म्हणजे काही मिळालं नाही.

हे म्हणाले, "डिस्क मुळातच खराब हुती म्हणून सांगू. त्यास्नी काय कळतंय?"

मी मान डोलावली. पण कांबळे न्यायला आले ते बायकोला घेऊन. ती माउली काउंटरला धरून उभी. ह्यांनी तोंड उघडायच्या आत तिनं मलाच विचारलं, "वैनी, हाय न्हवं आवाज?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "हाय की."

"हितं नगो लावायला," ती म्हणाली. "सगळ्यांम्होरं रडू येतंय. घरातच ऐकतो."

गेले. त्यांच्या कॅबिनेटमध्ये त्यांचीच, पण कोरी झालेली डिस्क. दोन दिवस मी अन्न गिळलं नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात फोन. कांबळेच. मी म्हटलं, आता शिव्या.

"वैनी, लई उपकार झाले. ऐकला आमी. पैल्यापरास साफ येतोय!"

तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? रविवारी सकाळच्या एसटीनं जयसिंगपूर गाठलं. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी पोरीचा शाळेतला फोटो. "जय भीम वैनी, या या, बसा," म्हणत बाईंनी चहा टाकला. कांबळ्यांनी कॉम्प्युटर चालू केला. पडदा मी सोडला होता तसाच. नवीन विंडोज, बाकी मोकळा. मी उगीच दोन फोल्डर उघडले. रिकामे.

"काय दाबाय लागत न्हाय," कांबळे म्हणाले. "थांबा जरा."

नवराबायको स्पीकरकडं वाकली. दोघांचे ओठ बरोबरीनं हलायला लागले, पाठ असलेलं म्हणतात तसे. बाईंनी पदर डोळ्याला लावला. मला फक्त पंख्याची घरघर.

"ऐकलासा?"

"हो," मी म्हटलं.

"आता म्होरं वाढलंय ओ," बाई म्हणाल्या. "पैलं तुटायचं. आता तुटल्यावर आनि एक बोलती. 'काकू, चिठ्ठी तुमीच काढली की.' कुटली काकू, कुटली चिठ्ठी, आमाला काय उमजंना."

मी कप खाली ठेवला. चिठ्ठ्या मी काढल्या हे कुणालाच माहीत नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही. चिठ्ठ्या आपोआप सुटल्या असतील असंच मी त्यांना सांगितलं होतं.

मग राहवलंच नाही. सगळं सांगितलं. खंडेनवमी, फॉरमॅट, "हाय की" म्हटलं ते. खाली मान घालून सांगत होते.

कांबळ्यांनी पडद्याकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे... ह्यात काय न्हाईच?"

"नाही."

त्यांनी मशीन बंद केलं, परत चालू केलं. दोघं वाकली. थांबली. पुन्हा बंद, पुन्हा चालू.

"गप हाय की ओ," बाई नवऱ्याकडं बघत म्हणाल्या. "आता का गप हाय?"

आणि तेव्हा मला ऐकू आलं. "आदरणीय व्यासपीठ..." तोच बारीक, घाईघाईचा आवाज. सबंध मिनिटभर. मग वाक्य तुटलं. पुढं काही नाही.

बाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. "वैनी... तुमाला येतंय काय?"

मी म्हटलं, "न्हाय."

का म्हटलं? त्या क्षणाला एवढंच सुचलं, की खरं बोलले तर त्यांचा आवाज गेला. आता हेही खरं बोलले तर माझ्याकडनंही जाईल, मग ती पोरगी कुठंच राहणार नाही. परतीच्या एसटीत हे पटत होतं. आता पटत नाही. मी आईच्या तोंडावर तिच्या लेकीला नाही म्हटलं.

नंतर कितीतरी जाणत्या लोकांना विचारलं. कुणी म्हणतं, दुःखानं कान वाजतात. कुणी म्हणतं, तुम्हाला अपराधी वाटत होतं म्हणून भास झाला. असेल. पण चिठ्ठीचं? ते त्या पोरीला कुणी सांगितलं?

हे गेले, दुकान मोडलं. कांबळेही गेले. त्या बाईंनी ते मशीन अजून ठेवलंय. वर्षातनं एकदा फोन येतो, "वैनी, एकदा येऊन बसा की त्याच्याम्होरं. तुमाला तरी येतंय का बघू." दरवेळी मी गुडघ्यांचं निमित्त सांगते. गेल्या महिन्यात त्यांचा आवाज फार थकलेला वाटला.

तेव्हा पोरींनो, खाली लिहायचं ते लिहा, पण तुमच्यातलं कुणीतरी कोल्हापूरला या. मला हाताला धरून जयसिंगपूरला घेऊन चला, एकटीला नाही जाववत. मला ऐकू आलं होतं, एवढं त्या बाईला सांगायचंय. मग जायचं ते जाऊ दे. पण लवकर या गं.