माझ्या फोल्डरमधलं मॉड्यूल

वस्तीतल्या सभेची मी लिहिलेली पत्रकं आज छापून आली. त्यांच्या ओल्या शाईचा वास माझ्यासोबत ऑफिसच्या टेबलापर्यंत आला आणि सहा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

कामठीच्या शाळेत शिकवायला जायचं म्हणून मी राजीनामा दिला होता. पर्ल या संगणकभाषेत तारखा तपासणारं एक मॉड्यूल, म्हणजे इतर प्रोग्रामना लागणारा एक तुकडा, मी लिहिलं होतं आणि सामायिक फोल्डरऐवजी माझ्याच फोल्डरमध्ये ठेवलं होतं. ऑफिसचे सगळे प्रोग्राम ते तिथूनच घेत. त्या दुपारी साहेबांनी माझं संगणकावरचं खातं जरा वेळ बंद करून पाहिलं, तर प्रत्येक प्रोग्राम ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणत थांबला.

“तू गेली तं आमचं कसं वं?” साहेब हसले. “थांब अजून.”

शेजारच्या वनिताताई चिडल्या. “सामायिक फोल्डरात टाक ना, कसं वापरायचं ते वर दोन ओळीत लिही अन् मोकळी हो. अडून काहून राहिली?”

कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास येत होता. माझी बोटं कीबोर्डवर होती. पण मग ते माझ्याशिवाय कुणालाही चालवता आलं असतं.

“करते नंतर,” मी म्हणाले आणि राजीनामा परत घेतला. माझ्यावाचून सगळं अडणं, हीच तेव्हा मला माझी किंमत वाटली होती.

माझे बाबा वस्तीतल्या सभांची पत्रकं काढायचे; प्रत्येक पत्रकाच्या तळाशी ‘वाचून पुढे द्या’ असं असायचं. ती पत्रकं वाटतच मी मोठी झाले. आजच्या पत्रकातही ती ओळ मीच घातली आहे. मॉड्यूल अजून माझ्याच फोल्डरमध्ये आहे, आणि मी त्याच खुर्चीवर.