मॅगझीनमधली हळद
हळद शिजत घातली की त्या मातकट वासासरशी मला रझाकारांच्या काळातली कुरुंद्याची एक सकाळ आठवते. धाकटा दीर संस्थानाच्या सरहद्दीवर रझाकारांशी लढताना मारला गेल्याचा सांगावा आला होता. प्रेत मिळालं नाही, तरी त्याचं तेरावं उरकलं होतं. शेतात हळदीच्या कढईजवळ मी, नवरा आणि सासूबाई एवढेच होतो. धुक्यात वाफ मिसळून समोरचं काही दिसत नव्हतं, आणि त्यातूनच कुणीतरी चालत आलं, तोंड पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं, पावलांचा आवाज नाही. "कोन हाय? काहून बोलत न्हाई?" नवरा ओरडला. रझाकारांच्या भीतीनं जवळ बाळगलेलं पिस्तूल त्यानं झाडलं, पण गोळी हुकली आणि पुढच्या वेळी चाप नुसताच खटकला. ते तसंच येत राहिलं. मॅगझीनमधल्या, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीतल्या, स्प्रिंगनं दुसरी गोळी वर ढकलायला हवी होती, पण ती आतच चिकटली होती. खंडेनवमीला सासूबाईंनी पिस्तूल पूजलं होतं, आणि आतल्या गोळ्या दिसाव्यात म्हणून मॅगझीनला ठेवलेल्या भोकांतून ओली हळद आत जाऊन वाळली होती. पूजेची हळद पुसू द्यायच्या नाहीत त्या. अगदी जवळ आल्यावर त्या आकृतीनं तोंडावरचं फडकं सोडलं. जबडा फुटलेला, पण जिवंत दीर होता तो, त्याला बोलताच येत नव्हतं. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "माझ्या लेकराचं तेरावं झालं," त्या हळूच म्हणाल्या, "तू कोन हाईस?" पिस्तूल पुढे सरकारजमा झालं, मॅगझीन माझ्याकडे राहिलं. अजूनही खंडेनवमीला मी ते पूजते, आणि ओली हळद मुद्दाम त्या भोकांतून बोटानं आत भरते.