पेचकसमामा आणि चालू कूलर

"हे वाक्य मी नाई म्हनत," देवरावभाऊ म्हणाले आणि त्यांनी हेडफोन काढून स्टँडला अडकवला.

मी काचेच्या अलीकडे बसले होते. अमरावतीतल्या आमच्या छोट्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत आवाजाचं काम माझ्याकडे असतं. कलाकारांकडून वाक्यं म्हणून घ्यायची, कापायची, जोडायची, चित्रावर बसवायची. त्या शनिवारी चौदाव्या भागाचं रेकॉर्डिंग होतं आणि शेवटची चार वाक्यं उरली होती.

मालिका तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. नायक पेचकसमामा. गोल पोट, जाड मिशा, खिशाला पेचकस म्हणजे स्क्रूड्रायव्हर. कुणाचं काही बिघडलं की मामा येतो, गप्पा मारत दुरुस्त करतो, गाणं म्हणतो आणि जातो. प्रत्येक भाग मराठीत आणि इंग्रजीत. चित्र एकच, आवाज दोन. ओठांची हालचाल मराठी वाक्यावर केलेली असते, इंग्रजी वाक्य तेवढ्याच वेळात बसवावं लागतं.

देवरावभाऊंचं अकोल्यात पंखे, मिक्सर, कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. वय साठीच्या आसपास. पहिल्या भागासाठी दुकानातली खटखट टिपायला मी गेले होते. त्यात त्यांचं गिऱ्हाइकाशी बोलणंही टिपलं गेलं आणि क्लायंटला तोच आवाज हवासा झाला, दोन्ही भाषांत. भाऊंना इंग्रजी येत नाही. मी देवनागरीत लिहून देते, ते पाठ करून म्हणतात.

"काय अडचण आहे, भाऊ?"

"कूलर चालू हाय. पंखा फिरून राह्यला. अन हा मामा म्हनते, 'चला, पाण्यात हात घालून पाहू.' बोर्डातली पिन काढलीच नाई त्यानं."

"कार्टून आहे, भाऊ. यात मिशासुद्धा बोलतात."

"मिशा बोलू द्या. त्याच्यानं कोनाले करंट लागत नाई."

मी क्लायंटला फोन लावला. त्यांच्याकडून आमचं काम रेवा मॅडम बघतात, मुंबईहून.

"चित्र लॉक झालंय ना?" त्यांनी विचारलं. लॉक म्हणजे चित्र पक्कं झालं, आता एक फ्रेमही हलवायची नाही.

"झालंय."

"मग त्यांना समजवा. गुरुवारी दोन्ही भाषा अपलोड व्हायला हव्यात. कूलरचा भाग आहे, उन्हाळ्यातच गेला पाहिजे."

त्यांचं चुकत नव्हतं. मी देवरावभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाकीचे तीन वाक्य घ्या. हे नाई." तीन वाक्यं दिली आणि ते बडनेरा स्टेशनवरून गाडीने अकोल्याला गेले.

पुढे मी जे केलं ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. आमच्याकडे तेरा भागांचं रेकॉर्डिंग होतं. 'चला' फ्रिजच्या भागातून घेतलं. 'पाण्यात' मोटरपंपाच्या भागातून. 'हात घालून' शिलाई मशीनच्या भागात सापडलं. 'पाहू' तर ते प्रत्येक भागात म्हणतात. इंग्रजी वाक्यही तसंच जुळवलं. तासाभरात दोन्ही तयार झाली. स्टुडिओत सगळ्यांना ऐकवलं, कुणालाही सांधा कळला नाही. मी फाइल पाठवली. रेवा मॅडमचा अंगठा आला. प्रश्न मिटला.

रविवारी देवरावभाऊंचा फोन आला. "ताई, मंग काय केलं त्या वाक्याचं?"

बदललं, असं सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "माह्याच आवाजात?"

"हो."

"मी नाई म्हनलो तरी?"

मी पुन्हा 'हो' म्हणाले. "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी सकाळच्या गाडीने मी अकोल्याला गेले. त्यांनी बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. दुकानासमोर दुरुस्तीला आलेला एक लोखंडी कूलर उभा होता. त्यांनी पिन लावली, बटण दाबलं. पंखा फिरला, पाणी चढलं, गार हवा यायला लागली. मग त्यांनी खिशातला टेस्टर काढून त्याचं टोक कूलरच्या पत्र्याला टेकवलं. टेस्टरमधला इवलासा दिवा लागला.

"पाहा. आतली वायर घासली. पुऱ्या बॉडीत करंट हाय. पन चालून राह्यला मस्त. कोनाले वाटन का, याच्यात काही खराबी हाय म्हनून?"

त्यांनी पिन काढली आणि माझ्यासमोर बसले.

"बारा-पंधरा वर्षं झाले. असाच एक कूलर मी दुरुस्त करून देल्ला. गिऱ्हाईक खूश. घाईत होतो, बॉडीले टेस्टर लावाचा राह्यला. दुसऱ्या दिवशी त्यांची पोट्टी ओल्या हातानं गेली. चार वर्षांची."

"मग?"

"चिपकली. मायनं बटन बंद केलं म्हनून वाचली. पन हात जयला." त्यांनी स्वतःच्या तळहातावर बोटाने मनगटापर्यंत भाजल्याची रेघ ओढून दाखवली. "ते लोक मले एका शब्दानं बोलले नाई, ताई. आताही रस्त्यात भेटले तं रामराम करतात. मांगच्या साली ते पोट्टी इस्त्री घेऊन आली होती दुकानात. मोठी झाली. त्याच हातानं इस्त्री देल्ली मले."

त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

"तुमचा मामा मोठ्या मानसाले सांगत नाई," ते म्हणाले. "चार वर्षाच्या लेकराले सांगून राह्यला. अन आवाज माह्या हाय."

मी तिथूनच रेवा मॅडमना व्हिडिओ कॉल केला. देवरावभाऊंनी पुन्हा पिन लावली आणि टेस्टर टेकवून दाखवला. मॅडमनी आणखी एकदा दाखवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "रनटाइम एक सेकंदही वाढणार नाही. तारीख हलणार नाही. बाकी तुम्ही बघा."

आता पिन काढण्याचं दृश्य घालायला सहा सेकंद शोधायचे होते. मामाच्या गाण्यात तिसरी ओळ दोनदा येते. दुसरी वेळ कापली, सहा सेकंद मिळाले. आमच्या अ‍ॅनिमेटर पल्लवीने मिक्सरच्या भागातला भिंतीवरचा स्विचबोर्ड उचलून इथे बसवला. नव्याने काढायचे होते ते फक्त पिन ओढणारा हात आणि थांबणारा पंखा. पल्लवीने पंखा लगेच थांबवला होता. फोनवर व्हिडिओ पाहून देवरावभाऊ म्हणाले, "पिन काढल्यावर पंखा चार गरके मारते, मंग थांबते. मामाले वाट पाहू द्या." पल्लवीने तो पुन्हा काढला.

बुधवारी ते आले. मी रेकॉर्डिंगच्या आधी त्यांच्यासमोर जोडलेली वाक्यं डिलीट केली, बॅकअपमधूनही. माफीही मागितली. ते म्हणाले, "झालं आता. कुठं उभं राहू?"

"आधी पिन काढतो. मग हात घालतो." मराठी वाक्य पहिल्याच टेकला झालं. इंग्रजीत होतं, "फर्स्ट, प्लग आउट." ते 'फस्ट, पलग आऊट' व्हायचं. अकरा टेक झाले.

"ताई, हे प अन ल माह्या तोंडात भांडून राह्यले," ते म्हणाले.

मी चौथा टेक ठेवला. रेवा मॅडमची नोट आली, 'प्लगचा उच्चार बघा.' मी कळवलं, ओठांना बरोबर बसतो. आणि तो खरंच बसत होता. गुरुवारी भाग गेला.

आठवड्याभरात रेवा मॅडमनी एका आईचा मेसेज पुढे पाठवला. तक्रार होती. त्यांचा साडेतीन वर्षांचा मुलगा आजीला कूलरमध्ये पाणी टाकू देत नाही. आजीने बादली उचलली की आडवा उभा राहून 'फस्ट पलग आऊट' म्हणतो. वडिलांनी पिन काढल्याशिवाय हटत नाही. इथपर्यंत ठीक, पण आता तो मिक्सर, इस्त्री आणि आजीची सिरियल चालू असताना टीव्हीसाठीही तेच म्हणतो. यावर काही करता येईल का?

मी मेसेज देवरावभाऊंना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावला. मग थोडा विचार करून म्हणाले, "मिक्सर, इस्त्री बराबर हाय. टीव्हीचं त्याले सांगा, पुसाच्या वक्तीच काढाची पिन."

मी तसं उत्तर पाठवलं.

ज्याचं काम पडद्यावर दाखवायचं त्याला स्क्रिप्ट चित्र काढायच्या आधी वाचायला द्यावी, एवढं मी यातून शिकले. आता आमची प्रत्येक स्क्रिप्ट पहिल्यांदा अकोल्याला जाते. शेवटच्या तीनपैकी दोन दुरुस्त्यांसह परत आल्या. वेळापत्रक मागे पडलंय आणि पल्लवी कुरकुरते. पण लॉक झालेलं चित्र अजून पुन्हा उघडावं लागलेलं नाही.