दोन किनाऱ्यांचा जवळा

नव्वदीच्या सुरुवातीला मी तंजावुरात मत्स्यखात्यात नोकरीला होते. किनाऱ्यावर कोळंबी-शेती नुकती फोफावली होती आणि तिच्या खाद्याला वाळलेला जवळा लागे. तमिळमध्ये त्याला कूनी म्हणतात. जो तो बारीक जाळी घेऊन त्याच्या मागे लागला होता.

जवळा किती वाढतो, किती मरतो, हे दोन बंदरांवर तपासायचं माझं काम. उत्तरेला नदीच्या मुखाशी तो झपाट्यानं वाढे, अंडी घालून मगच जाळ्यात येई. दक्षिणेच्या उथळ खाडीत वाढ मंद. बहुतेक जवळा अंडी घालण्याआधीच मरे. तिथं मासेमारी जास्त दिवस बंद ठेवायला हवी होती.

तंजावुरच्या कचेरीत दोन्हीकडच्या नाववाल्यांसमोर मी तेच सांगितलं. दक्षिणेचा एक म्हातारा उठला. मला नमुन्याचा जवळा तोच स्वतः धुऊन द्यायचा.

"अम्मा, समुद्र एकच. मग उपाशी आम्हीच का राहायचं?"

"तुमच्याकडचा सावकाश वाढतो, अय्या. थांबला नाहीत तर पुढं काही उरणार नाही."

उत्तरेचा एक तरुण हसला. "कूनीपण यांच्यासारखीच, खुरटी."

म्हाताऱ्यानं लोखंडी खुर्ची उचलून त्याच्या तोंडावर हाणली. मग सगळेच तुटून पडले. खिडकीची काच फुटली. तिच्या तुकड्यानं कुणीतरी कुणाचातरी दंड फाडला. मी मध्ये पडले. मनगटावर दांडा बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. तरुण जमिनीवर डोळा दाबून पडला होता. बोटांमधून रक्त येत होतं. पोलिसांनी हाताला लागेल त्याला झोडपलं आणि म्हाताऱ्याला फरफटत नेलं.

तरुणाचा डोळा गेला.

खात्याच्या साहेबांनी दोन्ही किनाऱ्यांना मासेमारी सुरू करायची एकच तारीख लावली.

"सर, जवळा सगळीकडे सारखा वाढत नाही."

"माणसं सगळीकडे सारखीच मारतात," ते म्हणाले.

मनगट जुळेपर्यंत राजवाड्यामागच्या आमच्या घरी माझी थोरली बहीण, अक्का, मला दहीभात भरवायची. "सोड ही नोकरी," म्हणायची. मी सोडली नाही.

काही हंगामांतच दक्षिणेची जाळी रिकामी येऊ लागली. तिथले लोक उत्तरेच्या पाण्यात शिरले, तेव्हा त्यांच्या नावा पेटवल्या गेल्या. एकजण जळून मेला. म्हाताऱ्याचा पुतण्या होता तो.

म्हातारा तुरुंगातून सुटल्यावर मला किनाऱ्यावर भेटला. "आता थांबलो तर येईल परत?"

"येईल. पण सगळे थांबायला हवेत."

त्यानं इतर नावांकडे पाहिलं. एकही थांबली नव्हती. जाळं खांद्यावर टाकून तो पाण्यात उतरला.