गेटवरचा लाल दिवा

रांजणगावला आमच्या कंपनीतून सुटताना गेटवर बटण दाबावं लागतं. हिरवा दिवा लागला तर घरी, लाल लागला तर झडती. लाल साधारण पाचात एकदा लागतो. पुढचीला लाल लागला की मागच्या बायका खूश, आता आपल्याला हिरवाच म्हणून. मला बारावीला गणित होतं, मी भांडायचे. "अगं, त्या मशीनला मागचं काय आठवतंय? तुला पण पाचात एकदाच."

मध्यंतरी मशीन बंद पडलं. सिक्युरिटीच्या बाईंनी पिशवीत गोट्या ठेवल्या, त्यात दोनच लाल. काढलेली गोटी परत आत जात नव्हती. तेव्हा मात्र त्या बायकांचं बरोबर होतं. दोन्ही लाल निघाल्या की मागच्या सगळ्या सुटल्या.

त्याच सुमारास माझं दुसरं मूलही पोटातच गेलं. मांडवगणला सासूबाई म्हणाल्या, "दोनदा झालं, आता परत असं न्हाई व्हायचं." दौंडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मागच्यावरून पुढचं सांगता येत नाही. दोघींचंही मी ऐकून घेतलं. हे पिशवीसारखं की मशीनसारखं, एवढंच विचारायचं होतं, तेही राहिलं.

कामावर परतले तेव्हा मशीन दुरुस्त झालं होतं. माझ्या पुढचीला लाल लागला. मागची म्हणाली, "चल, आता तुला हिरवाच."

"व्हय," मी म्हणाले आणि बटण दाबलं. कुठला दिवा लागला ते मी पाहिलंच नाही. सिक्युरिटीच्या बाईंनी दंडाला धरून बाजूला घेतलं, तेव्हा कळलं.