पोकळ वाजणारी फरशी

बायांनो, आज दुपारपासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

आमच्या बैठकीत कालच शहाबादी फरशी बसवली. रोज माती सारवून मी कंटाळले होते, म्हणून हट्टानं आणायला लावली.

आज शेजारची गयाबाई फरशी बघायला आली. बघायचं सोडून एकेका फरशीवर टाच आपटायली. दारापाशी थांबली अन् म्हणली, "ही पोकळ वाजायलीय गं. खाली काय पुरलंस?"

"काय न्हाई वो, वाळू कमी पडली," मी म्हणलं. ती नुसती हसली. निजामाच्या मुलखात सध्या गावोगाव धाडी पडायल्यात, जो तो सोनं पुरून ठेवायलाय. तिला वाळूचं कसं पटावं?

सांजच्याला तिची चाळणी परत द्यायला गेले. सगळं घर कोरडं, अन् जात्याजवळचा एकच कोपरा ताजा सारवलेला. एवढाच कोपरा कोण सारवतं, सांगा बरं? मी बघायलेय हे दिसताच ती पटकन दळायला बसली. जात्यात दाणा न्हवता.

उद्या धाड आली, तर ती सोनं काढून देऊन सुटंल. माझ्या पोकळ फरशीखालून मी काय काढून देऊ?